सी ड्राइव्ह लाल झाल्यावर कुठून सुरुवात करायची: युजर प्रोफाइलचा आकार आटोक्यात आणण्याची रीत

'धिस पीसी' उघडल्यावर सी ड्राइव्हची पट्टी लाल दिसली, की समजायचं मोकळी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली. मग बहुतेक ठिकाणी एकच क्रम चालतो. रीसायकल बिन रिकामी करायची, कुठलं तरी फुकटचं क्लीनर टाकायचं, आणि तरीही जागा होईना की ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरात शिरून जे मोठं दिसेल ते उडवायचं. हाती लागतात दोन-तीन जीबी. दुसऱ्या दिवशी ब्राउझरमधले पासवर्ड गेलेले असतात, मराठी फॉन्ट दिसत नाहीत आणि विंडोज 'टेम्पररी प्रोफाइल'चा संदेश दाखवतं.

सेवा केंद्र असो, शाळेची संगणक खोली असो, आंबा-काजूच्या व्यापाऱ्याचं ऑफिस असो की लग्नाचे व्हिडिओ करणारा स्टुडिओ, गडबड होते ती क्रमात. आधी मोजणी, मग प्रत, मग हलवाहलव, आणि पुसणं सगळ्यात शेवटी. खालच्या पायऱ्या विंडोज १० आणि ११ दोन्हींना लागू आहेत. मेनूतली नावं थोडीफार इकडेतिकडे दिसतील.

आधी एवढं माहीत हवं

सी ड्राइव्हवरच्या 'युजर्स' फोल्डरात प्रत्येक खात्याचं एक फोल्डर असतं. तेच त्या खात्याचं प्रोफाइल. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज ही समोर दिसणारी फोल्डरं त्यातच येतात. डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हबाहेरची कुठली तरी मोकळी जागा, असा समज फार पसरलेला आहे. तो खोटा आहे. डेस्कटॉपवर टाकलेला ४० जीबीचा लग्नाचा व्हिडिओ सी ड्राइव्हच खातो.

'ॲपडेटा' हे फोल्डर लपलेलं असतं. त्यात लोकल, लोकललो आणि रोमिंग असे तीन भाग आहेत. खात्याची बरीचशी सेटिंग्ज 'एनटीयुजर डॉट डॅट' नावाच्या फाइलमध्ये असतात. तिला हात लावायचा नाही.

शेजारचं 'पब्लिक' फोल्डर कुणा एकाचं नसतं, पण म्हणून ते बेवारशी समजू नका. टॅलीप्राइम या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा पुष्कळदा तिथेच असतो. टॅलीत कंपनीच्या डेटाचा मार्ग पाहिल्याशिवाय पब्लिकमधलं काहीही हलवू नका.

पायरी १: तयारी

१. ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा. यंत्रावर एकच ॲडमिन खातं असेल आणि नेमकं तेच भरलेलं असेल, तर आधी दुसरं ॲडमिन खातं तयार करा.

२. कुठलं खातं कोण वापरतं ते कागदावर लिहा. 'युजर', 'ॲडमिन१', 'एचपी' अशा नावांवरून काहीच कळत नाही. शिवाय खात्याचं नाव नंतर बदललं तरी फोल्डरचं नाव जुनंच राहतं. त्यामुळे आज 'लेखापाल' नावाने चालणारं खातं 'युजर्स'मध्ये भलत्याच नावाने बसलेलं असू शकतं.

३. यंत्र रीस्टार्ट करा. 'स्विच युजर' करून गेलेल्या माणसाचं प्रोफाइल मागे उघडंच राहतं. त्याच्या फाइली अडकलेल्या राहतात आणि पुढच्या पायऱ्या अर्धवट होतात.

४. यूपीएस चालू आहे ना, लॅपटॉप असल्यास चार्जरवर आहे ना, ते बघा. फोल्डर हलवताना वीज गेली तर अर्ध्या फाइली इकडे आणि अर्ध्या तिकडे राहतात. जून ते सप्टेंबरात, ढग गडगडत असताना हे काम काढूच नका.

५. प्रत घ्या. बाहेरच्या हार्ड डिस्कवर डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स आणि व्हिडिओज ही पाच फोल्डरं कॉपी करा. आउटलुक वापरत असाल तर त्याचा मेल साठवणाऱ्या पीएसटी फाइलीही घ्या. ब्राउझरमधले बुकमार्क 'एक्स्पोर्ट' करून ती फाइल सोबत ठेवा.

अख्खं प्रोफाइल उचलून कॉपी-पेस्ट करू नका. त्यात 'माय डॉक्युमेंट्स', 'ॲप्लिकेशन डेटा' अशी लपलेली नावं असतात. ती फोल्डरं नव्हेत, जुन्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेले नुसते दुवे आहेत. कॉपी तिथे 'ॲक्सेस डिनाइड' म्हणत अडते, किंवा काही साधनांत तेच तेच पुन्हा कॉपी होत राहतं.

सावधान: पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर जात नाही. ड्राइव्ह रिकामा असतो, तरी फाइल फार मोठी असल्याची तक्रार येते. व्हिडिओ आणि पीएसटीसाठी एनटीएफएस किंवा एक्सफॅट डिस्क घ्या.

तपासणी: मूळ फोल्डर आणि प्रत, दोन्हींवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये फाइलींची संख्या जुळवा. चार-पाच फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. आणि ती डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवू नका. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. तळमजल्यावर यंत्र आणि प्रत शेजारी-शेजारी असतील, तर दोन्ही एकदमच जातात.

पायरी २: मोजणी

'सेटिंग्ज', 'सिस्टीम', 'स्टोरेज' इथे जा. तिथला आराखडा ढोबळ असतो, पण जागा ॲप्सनी खाल्ली, टेम्पररी फाइलींनी खाल्ली की डॉक्युमेंट्सनी, एवढं कळतं. बारीक हिशोबासाठी ट्रीसाइज फ्री किंवा विनडरस्टॅट वापरा. दोन्ही फुकट आहेत आणि फोल्डरं आकारानुसार दाखवतात. मात्र ती 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करूनच उघडा. नाहीतर इतर खात्यांची फोल्डरं रिकामी दिसतील आणि सगळा दोष चालू खात्यावर येईल.

'युजर्स' फोल्डर उघडून पहिली दहा मोठी फोल्डरं आकारासकट वहीत लिहा. शेवटी किती जागा सुटली ते पडताळायला हाच कागद लागतो.

दोन गोष्टींनी आकडे फसवतात. प्रॉपर्टीजमध्ये 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' असे दोन आकडे असतात. वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावरच्या, फक्त ऑनलाइन असलेल्या फाइलींचा पहिला आकडा मोठा असतो आणि दुसरा जवळपास शून्य. आपल्याला दुसऱ्याशी मतलब. दुसरं म्हणजे सगळीच जागा प्रोफाइलने खाल्लेली नसते. हायबरनेशनची फाइल, पेजफाइल, 'विंडोज डॉट ओल्ड' हे सगळं प्रोफाइलच्या बाहेर असतं. 'विंडोज डॉट ओल्ड' हे मोठ्या अपडेटनंतर मागे राहिलेलं जुनं विंडोज. ते साधारण दहा दिवसांनी आपोआप जातं.

वजन डाउनलोड्स-डेस्कटॉपवर असेल तर पायऱ्या ३ आणि ४ पुरतील. ॲपडेटा फुगला असेल तर पाचवी. आता कुणीच वापरत नाही अशा खात्यांत जागा अडकली असेल, तर प्रत झाल्यावर सरळ सहावीवर जा. तिथे एका झटक्यात सर्वाधिक जागा सुटते.

पायरी ३: डाउनलोड्स आणि डेस्कटॉप

डाउनलोड्समध्ये 'व्ह्यू' बदलून 'डिटेल्स' करा आणि 'साइज'वर क्लिक करून मोठ्या फाइली वर आणा. आधी इंस्टॉलर आणि झिप फाइली काढा. सॉफ्टवेअर टाकून झाल्यावर त्यांचा उपयोग नसतो, लागल्याच तर पुन्हा उतरवता येतात. झिप उघडलेली असेल तर झिप आणि उघडलेलं फोल्डर अशी दुप्पट जागा गेलेली असते.

मग नावाने लावा. एकच सातबारा तीनदा उतरवला की नावापुढे कंसात १, २, ३ चिकटतात. सेवा केंद्रात अशा शेकडो पीडीएफ सापडतात. एकेक छोटी असली तरी आधार कार्ड, बँक पासबुक, जातीचा दाखला असा लोकांचा कागद तिथे उघडा पडलेला असतो. काम झालं की ती फाइल राहू नये. इथे जागेपेक्षा जबाबदारीचा प्रश्न मोठा आहे.

रीसायकल बिन शेवटी रिकामी करा, तोपर्यंत एक बाइटही सुटत नाही. बिन प्रत्येक खात्याची वेगळी असते, हे विसरलं जातं. तुमची रिकामी केली म्हणून शेजारच्या खात्याची होत नाही.

सावधान: आउटलुकमधली जोडलेली फाइल थेट उघडून, त्यातच बदल करून 'सेव्ह' केलं, तर ती डॉक्युमेंट्समध्ये नव्हे, ॲपडेटातल्या एका तात्पुरत्या फोल्डरात जाते. कुणी 'माझी एक्सेल कुठे दिसत नाही' म्हणत असेल, तर पाचव्या पायरीआधी ती शोधून काढा. नंतर मिळणार नाही.

पायरी ४: फोल्डरं डी ड्राइव्हवर नेणं

सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो. फोल्डर कट करून डी ड्राइव्हवर पेस्ट करायचं नाही. जागा बदलल्याचं विंडोजलाच सांगायचं असतं.

१. वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांचा 'बॅकअप' चालू आहे का पाहा. असेल तर आधी तो थांबवा आणि फाइली नेमक्या कुठे आहेत याची खात्री करा. बॅकअप चालू असताना फोल्डरांवर वनड्राइव्हचा ताबा असतो आणि दोन्हीकडून ओढाताण होते.

२. डी ड्राइव्हवर खात्याच्या नावाचं फोल्डर करा. त्यात डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, व्हिडिओज अशी वेगवेगळी रिकामी फोल्डरं करा.

३. मूळ डाउनलोड्सवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'लोकेशन' टॅब, 'मूव्ह'. नवीन रिकामं डाउनलोड्स फोल्डर निवडा, 'अप्लाय' करा. जुन्या फाइली हलवायच्या का, असं विचारलं की 'येस'.

४. एक फोल्डर पूर्ण होऊ द्या, मगच दुसरं घ्या. स्टुडिओतलं व्हिडिओज फोल्डर हलायला तास-दोन तास सहज लागतात. तोवर प्रीमियर (व्हिडिओ संपादनाचं सॉफ्टवेअर), ब्राउझर, सगळं बंद.

होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. निवडताना थेट 'डी ड्राइव्ह'च निवडला, की अख्खा डी ड्राइव्ह 'डॉक्युमेंट्स' बनतो आणि तिथून मागे फिरणं त्रासाचं होतं. दोन फोल्डरांना एकच जागा दिली, की ती एकात एक मिसळतात आणि नंतर वेगळी होत नाहीत. बाहेरची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह निवडला, की ती न लावता यंत्र सुरू झाल्यावर 'लोकेशन इज नॉट अव्हेलेबल' येतं. पुढे ड्राइव्हचं अक्षर बदललं तर तीच अडचण कायमची.

ॲपडेटा मात्र हलवू नका. तसे उपाय सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण नंतर अपडेट आणि स्टोअरमधली ॲप्स अडखळू लागतात.

तपासणी: ब्राउझरमधून एक छोटी फाइल उतरवा. ती डी ड्राइव्हवर दिसली पाहिजे. डी ही वेगळी डिस्क आहे की त्याच डिस्कचा दुसरा भाग, हे 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये पाहा. भागच असेल तर सी मोकळा झाला इतकंच. डिस्क बिघडली तर दोन्ही जातील, म्हणून डीवर ठेवलेल्या फाइलींना 'बॅकअप' म्हणू नका.

पायरी ५: ॲपडेटा

इथे हाताने डिलीट करायच्या जागा अगदी थोड्या. बाकी सगळं त्या-त्या सॉफ्टवेअरच्या आतून काढायचं.

टेम्प फोल्डर: 'सेटिंग्ज', 'स्टोरेज', 'टेम्पररी फाइल्स' इथून साफ करा. त्या यादीत 'डाउनलोड्स'चाही चौकोन असतो. त्यावर खूण नाही ना, हे पाहिल्याशिवाय 'रिमूव्ह फाइल्स' दाबू नका. वर्ड-एक्सेल आधी सेव्ह करून बंद करा. एखादी फाइल वापरात असल्याने राहिली तर राहू द्या.

क्रोम: हिस्टरीतून 'डिलीट ब्राउझिंग डेटा' उघडून फक्त 'कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स'वर खूण ठेवा. क्रोमचं 'युजर डेटा' फोल्डर पुसू नका. बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेंशन सगळं त्यातच असतं. एकाच क्रोममध्ये चौघांची खाती उघडलेली असतील तर प्रत्येकाचा कॅशे, म्हणजे पुन्हा पटकन दाखवायला ठेवलेल्या तात्पुरत्या फाइली, वेगळा साठतो, तो त्या-त्या खात्यातून काढावा लागतो.

आउटलुक: जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये ओएसटी आणि पीएसटी अशा दोन प्रकारच्या फाइली असतात. ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची प्रत, ती पुन्हा तयार होते. पीएसटीत मात्र एकमेव मूळ मेल असू शकतो, ती पुसली की गेला. दोन्हींची मूळ मर्यादा ५० जीबी आहे, आणि ती गाठायच्या आधीच आउटलुक जड होतं. मेल डिलीट केल्याने फाइल लगेच आखडत नाही. 'डेटा फाइल्स'मध्ये जाऊन 'कॉम्पॅक्ट नाऊ' चालवावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

प्रीमियर: स्टुडिओच्या यंत्रावर बहुधा हाच मोठा गुन्हेगार. प्रत्येक क्लिपसाठी तयार झालेल्या मीडिया कॅशे फाइली रोमिंगमधल्या ॲडोबीच्या फोल्डरात साठत जातात. लग्न देऊन झालं तरी त्या राहतात. 'प्रेफरन्सेस', 'मीडिया कॅशे' इथून त्या काढता येतात, जागा दुसऱ्या ड्राइव्हवर नेता येते आणि ठराविक दिवसांनी आपोआप पुसायलाही सांगता येतं. मूळ फुटेज जागेवर असेल तर कॅशे पुन्हा बनतो, फक्त प्रोजेक्ट पहिल्यांदा उघडताना वेळ जातो.

आयफोनची प्रत: चतुर्थीला गावी आलेल्या कुणी आपला फोन या यंत्राला जोडून बॅकअप घेतलेला असतो, आणि त्याचे कित्येक जीबी इथेच राहिलेले असतात. आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हायसेस ॲपमधून बॅकअपची यादी काढा, मालकाला विचारा, मग तिथूनच पुसा.

झूम: तासांची रेकॉर्डिंग डॉक्युमेंट्समधल्या झूम फोल्डरात असतात. ती ॲपडेटात शोधू नका.

सावधान, फॉन्ट: विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्ट 'फक्त या खात्यापुरता' टाकता येतो. असे फॉन्ट सी ड्राइव्हच्या मुख्य फॉन्ट फोल्डरात न जाता ॲपडेटात जातात. जुने ठराव, दाखले, पत्रिका युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये असतील आणि ते फोल्डर उडालं, तर मजकुराच्या जागी अगम्य अक्षरं दिसतील. असे फॉन्ट आधी बाजूला काढा आणि राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स' करा.

मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरातली 'क्रिप्टो', 'प्रोटेक्ट' आणि 'क्रेडेन्शियल्स' ही फोल्डरं लहान असतात. त्यांत पासवर्ड आणि प्रमाणपत्रांच्या किल्ल्या असतात. सुटणारी जागा नगण्य, नुकसान मात्र मोठं.

पायरी ६: जुनी प्रोफाइल काढणं

सोडून गेलेला कर्मचारी, दोन वर्षांपूर्वीची तुकडी, कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने केलेलं चाचणीचं खातं. यांची फोल्डरं 'युजर्स'मध्ये जाऊन थेट डिलीट करू नयेत. फोल्डर जातं, पण रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली, त्याची नोंद तशीच राहते. तोच माणूस पुन्हा आला की विंडोज त्याला तात्पुरतं प्रोफाइल देतं, आणि दिवसभर डेस्कटॉपवर ठेवलेलं काम साइन आउट करताच नाहीसं होतं.

योग्य वाट अशी:

१. दुसऱ्या ॲडमिन खात्याने आत या. ज्याचं प्रोफाइल काढायचं ते कुठेही उघडं नको.

२. त्या खात्यातली कामाची फोल्डरं बाहेर कॉपी करा. फॉन्ट आणि पीएसटी विसरू नका.

३. 'ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज' उघडा. तिथे 'ॲडव्हान्स्ड' टॅबमधल्या 'युजर प्रोफाइल्स'पुढचं 'सेटिंग्ज' दाबा. प्रत्येक प्रोफाइलचा आकार आणि बदलाची तारीख दिसेल. हवं ते निवडून 'डिलीट'.

४. खातंही नको असेल तर 'सेटिंग्ज', 'अकाउंट्स', 'अदर युजर्स' इथून 'रिमूव्ह' करा. ही वाट खातं आणि डेटा दोन्ही एकदम पुसते.

'डिलीट' बटण फिकट असेल तर ते प्रोफाइल अजून वापरात आहे. रीस्टार्ट करा. बदलाच्या तारखेवर फार विसंबू नका, अपडेट किंवा अँटिव्हायरसमुळेही ती पुढे सरकते. पहिल्या पायरीतला कागद इथे कामाला येतो.

पायरी ७: वनड्राइव्ह

फोल्डरवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' केलं की फाइल ढगात (वनड्राइव्हच्या ऑनलाइन साठ्यात) राहते आणि यंत्रावर फक्त नाव उरतं. पण पावसाळ्यात केबल तुटून किनारपट्टीवरच्या गावात दोन-दोन दिवस नेट नसेल, तर निळ्या ढगाचं चिन्ह असलेली फाइल उघडणार नाही. या महिन्याची बिलं, विद्यार्थ्यांच्या याद्या, होमस्टेचं बुकिंग अशा फाइली 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' ठेवा. जुनी वर्षं ढगात जाऊ द्या. फुकट मिळते ५ जीबी, त्यात व्हिडिओ बसत नाहीत. आणि यंत्रावरची फाइल डिलीट केली तर ढगातलीही जाते. 'फ्री अप स्पेस' आणि 'डिलीट' यांत गोंधळ नको.

पायरी ८: पुन्हा फुगू नये म्हणून

'स्टोरेज सेन्स' ही विंडोजची आपोआप साफसफाईची सोय चालू करा. बिनसाठी ३० दिवस ठीक. डाउनलोड्सचा पर्याय मात्र 'नेव्हर'वरच राहू द्या. फक्त सेवा केंद्राच्या यंत्रावर, लोकांच्या कागदांसाठी, तो १४ दिवसांवर आणणं मला योग्य वाटतं.

ब्राउझरमध्ये 'प्रत्येक वेळी जागा विचारा' हा पर्याय चालू करा. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरची ठरलेली जागा डी ड्राइव्हवर न्या आणि स्कॅन ३०० डीपीआयवर ठेवा. साध्या कागदाला ६०० डीपीआय घेतलं तर पिक्सेल चौपट होतात.

कोटा, म्हणजे प्रत्येक खात्याला जागेची मर्यादा, लावायचा तर डी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधल्या 'कोटा' टॅबमधून. तो फाइलीच्या मालकावर मोजला जातो, फोल्डरावर नाही. सी ड्राइव्हवर घट्ट कोटा लावू नका. मर्यादा संपली की प्रोफाइलच नीट लिहिलं जात नाही आणि साइन इन बिघडतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सर्व्हरवरचं रोमिंग प्रोफाइल (कुठल्याही यंत्रावर बसलं तरी सोबत येणारं) असेल तर प्रत्येक साइन इनला डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स नेटवर्कवरून ये-जा करतात. ॲपडेटातलं लोकल आणि लोकललो त्यात येत नाहीत. सकाळी तीस मुलं एकदम बसली की दहा मिनिटं 'वेलकम' दिसतं ते यामुळेच. तिथे डॉक्युमेंट्स 'फोल्डर रिडायरेक्शन'ने सर्व्हरवर ठेवा. ठराविक दिवस न वापरलेली प्रोफाइलं रीस्टार्टला पुसण्याची ग्रुप पॉलिसीही (सगळ्या यंत्रांना एकदम लागू होणारा नियम) लावता येते, पण दिवस मोजताना दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्ट्या धरा.

एवढं करून पुन्हा मोजा आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहा. डिस्क १२८ जीबीची असेल, उरलेल्या फाइली सगळ्या कामाच्या असतील आणि पट्टी तरीही लाल असेल, तर आणखी साफसफाईत वेळ घालवू नका. मोठी एसएसडी घेऊन जुन्या डिस्कचं क्लोनिंग, म्हणजे तिची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर, करून घ्या. नवी डिस्क आठवडाभर नीट चालेपर्यंत जुनी पुसू नका.